कुत्र्याच्या हिरड्या सुजल्यात, रक्त येतंय? ब्रश हातात घ्यायच्या आधी हे वाचा

ओळखीतलं कुणी ना कुणी महिन्यातून एकदा तरी विचारतंच, "आमच्या पिल्लूच्या तोंडाला फार वास येतोय, कुठली पेस्ट आणू?" आणि प्रत्येक वेळी मी आधी हेच विचारते की ओठ उचलून आत बघितलंय का, आणि उत्तर जवळपास नेहमी "नाही" असंच असतं. गडबड तिथेच सुरू होते. लोक काळजी घेत नाहीत असं अजिबात नाही, घेतात, पण क्रम उलटा लावतात. आधी पेस्ट, मग जमलं तर डॉक्टर, आणि तपासणी सगळ्यात शेवटी.

मी स्वतः हेच केलंय. आमची चिंगी, स्पिट्झ, सात वर्षांची असताना पोळीचा तुकडा तोंडात घ्यायची, खाली टाकायची, परत उचलायची आणि मान डावीकडे वाकडी करून चावायची. मला वाटलं नखरे करतेय. मग वास यायला लागला म्हणून मी ब्रश आणला आणि सुजलेल्या हिरड्यांवर तीन दिवस घासला. चौथ्या दिवसापासून ती माझा हात तोंडाजवळ येऊ देईना, पुढचे दोन महिने नाही. दुखत होतं तिला, आणि ते दुखणं माझ्या हाताशी जोडलं गेलं. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, मधले टप्पे गाळू नका.

टप्पा १: ओठ उचलून नीट बघा

दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा, सोबत कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा. कुत्र्याच्या समोर नाही, बाजूला बसायचं, समोरून वाकलं की बरेच कुत्रे बिचकतात. जबडा उघडायची गरज नाही. एका हाताने हनुवटी हलकेच धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ मागे गालाकडे सरकवा, म्हणजे मागची मोठी दाढ दिसेल. सगळ्यात जास्त कीटण (दातावर जमणारा कडक थर) याच दाढेवर बसतं कारण लाळेची नळी तिच्या जवळच उघडते. पुढचे दात पांढरेशुभ्र दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, खरी भानगड मागे असते.

चांगली हिरडी गुलाबी असते आणि तिची कड दाताला घट्ट चिकटलेली, पातळ असते. आपल्याकडच्या देशी कुत्र्यांमध्ये हिरड्या काळ्या किंवा काळे-गुलाबी ठिपके असलेल्या असतात, ते नॉर्मल आहे, तिथे रंगापेक्षा कडेची सूज बघा. काय शोधायचं:

- दाताला लागून लाल रेघ, किंवा कड जाड, फुगलेली
- पिवळं-तपकिरी कडक कीटण, जे बोटाने पुसून जात नाही
- हिरडी वर सरकून दाताचं मूळ उघडं पडलेलं
- कडेतून पू, किंवा नुसतं बोट लागलं तरी रक्त
- हलणारा किंवा गायब झालेला दात (मोठ्या कुत्र्याला एकूण ४२ दात असतात)

याच्या जोडीला खाताना बघा. एकाच बाजूने चावणं, घास खाली पडणं, न चावता गिळणं, तोंड जमिनीवर किंवा पंजाने घासणं, खेळण्यावर गुलाबी डाग. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका: "खातोय ना व्यवस्थित, मग दुखत नसेल." कुत्रे दुखत असलं तरी खातात. चिंगी सगळा वेळ खात होती आणि तरी तिचे तेरा दात काढावे लागले.

दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येतात.

थांबा: हा हिरड्यांचा आजार नसेलही

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हिरड्या पांढरट, फिकट पडल्यात किंवा त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, नाकातून रक्त येतंय, कुत्रं मरगळलंय, तर हा गोचीड तापाचा प्रकार असू शकतो. गोचीड तापात प्लेटलेट्स कमी होतात आणि हिरड्यांतून रक्त येतं, आणि लोक ते दाताचं समजून हळद लावत बसतात. उंदराचं औषध पोटात गेलं असेल तरी असंच रक्त येतं. हिरड्या पिवळ्या दिसल्या तर कावीळ. निळसर-जांभळ्या झाल्या आणि धाप लागलीये तर एक मिनिटही घरी घालवू नका.

डोळ्याच्या खाली एका बाजूला सूज असेल तर बहुतेक वेळा त्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो. एकाच जागी गाठ वाढत असेल तर ती ट्यूमर आहे का हे बघावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला लघवीसारखा वास येत असेल तर किडनीची तपासणी आधी. उलट चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाच्या खेळण्यावर थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, दुधाचे दात पडत असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लसीकरण झालेलं नाहीये किंवा माहीत नाही, अचानक लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, वागणं बदललंय, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. "काहीतरी अडकलं असेल" म्हणून बोट घालणं रेबीजच्या बाबतीत जीवावर बेततं.

टप्पा २: घरी जमेल की नाही ते ठरवा

दातांवर आधी मऊ चिकट थर बसतो, तो ब्रशने निघतो. पण दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो, त्याचं कीटण होतं, आणि मग कितीही घासा, निघत नाही. हे कीटण हिरडीच्या खाली शिरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. नुसती हिरडी लाल असेपर्यंत आजार पूर्ण मागे जाऊ शकतो, एकदा हाड झिजलं की ते परत येत नाही, फक्त तिथे थांबवता येतं.

त्यामुळे हिशोब सरळ आहे. हिरडीची कड थोडी लालसर आहे, कीटण नाही किंवा अगदी नावाला आहे, दात घट्ट आहेत, खाताना त्रास नाही: डॉक्टरांना एकदा दाखवून टप्पा ६ पासून सुरू करा. बाकी काहीही असेल, म्हणजे जाड कीटण, रक्त, पू, सरकलेली हिरडी, हलणारा दात, तर ब्रश कपाटात ठेवा. आधी भूल देऊन सफाई, मग आराम, मग ब्रश. कीटणावर ब्रश फिरवून काही साध्य होत नाही, फक्त कुत्र्याला ब्रशची भीती बसते.

टप्पा ३: डॉक्टर निवडणं आणि आधीच्या तपासण्या

सगळ्या दवाखान्यांत दातांची सोय नसते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं असतं. खाजगी क्लिनिक परवडत नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात चौकशी करा. कुठेही जा, आधी फोन करून हे विचारा, आणि विचारायला लाजू नका:

१. सफाई पूर्ण भूल देऊन होते का, श्वासनळीत नळी टाकतात का? (स्केलरचं, म्हणजे कीटण काढायच्या यंत्राचं, पाणी आणि घाण फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ती लागते.)
२. हिरडीच्या खालून सफाई होते का, की फक्त वरून?
३. दातांचा एक्स-रे काढायची सोय आहे का? नसेल तर कुठे होईल?
४. सफाईनंतर पॉलिश करतात का? न केल्यास खरखरीत दातावर थर लवकर बसतो.
५. भूल असताना श्वास, ठोके, ऑक्सिजन यावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का?

> सावधान: ग्रूमिंगवाल्याकडे "भूल न देता दात साफ" असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. जागं कुत्रं हिरडीखाली हात लावू देत नाही. वरून दात चकाचक दिसतात, आजार खाली तसाच वाढतो आणि तुम्ही वर्षभर निश्चिंत राहता. तीक्ष्ण हत्याराने इजा होते ती वेगळी.

भूल द्यायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट करून घ्या. आपल्याकडे गोचीड इतके असतात की प्लेटलेट्स बघितल्याशिवाय दात काढायला देऊच नका, गोचीड ताप लपलेला असेल तर रक्त थांबायला त्रास होतो. वयस्कर छोट्या जातींमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार बऱ्यापैकी दिसतो, म्हणून छातीचा एक्स-रे किंवा ईसीजी सांगितला तर पैसे काढायला सांगतायत असं समजू नका.

"वय झालंय, भूल नको" असं खूप जण म्हणतात. काळजी खरी आहे, पण वय हा काही आजार नाही, तपासण्या त्याचसाठी असतात. तोंडात पू घेऊन दोन-तीन वर्षं काढणं हाही त्रासच आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात दात काढावे लागले तर किती हेही लिहून घ्या. कारण खरी स्थिती भूल दिल्यावर मोजमाप आणि एक्स-रे झाल्यावरच कळते. निरोगी कुत्र्यात दात आणि हिरडीमधली फट साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते, त्याहून खोल लागली की तिथे आजार आहे. त्या वेळी डॉक्टर तुम्हाला फोन करतील, तर फोन चालू ठेवा.

अँटिबायोटिकची चूक

यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. चिंगीला एका दवाखान्यात सलग तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला गेला. दर वेळी पाच-सहा दिवसांत वास गेला, मला वाटलं बरी झाली, महिन्याभरात परत तेच. कीटण जागेवर असेपर्यंत गोळ्यांनी जंतू तात्पुरते कमी होतात, बस. सफाईशिवाय नुसत्या गोळ्या घेत राहिलं तर तेवढा वेळ हाड झिजत राहतं. डॉक्टरांनी सफाईच्या आधी किंवा नंतर दिल्या तर पूर्ण द्या, पण मेडिकलमधून मागच्या चिठ्ठीवर परत आणू नका.

वेदनेची माणसांची गोळी तर अजिबात नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, "अर्धीच दिली" तरी नाही. पोटात अल्सर, किडनी, लिव्हर, सगळं धोक्यात येतं. आणि चुकून दिली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, त्यावर पुढची औषधं ठरतात.

टप्पा ४: आदल्या रात्रीपासून सफाईपर्यंत

मोठ्या कुत्र्याला साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवायला सांगतात, नक्की वेळ आणि पाणी कधी बंद करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. पिल्लू, अगदी छोटी जात किंवा डायबेटिस असलेलं कुत्रं यांना इतका उपास चालत नाही, त्यांचं वेगळं विचारा. घरातल्या प्रत्येकाला सांगा, आजी-आजोबांना, पोरांना, कामाला येणाऱ्या ताईंना. सकाळी चहाबरोबर सवयीने दिलेलं एक बिस्कीट म्हणजे भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जायचा धोका. दिलं गेलं असेल तर सरळ सांगा आणि तारीख पुढे ढकला.

सकाळी शी-शू करवून न्या. रोजची औषधं चालू असतील तर त्या दिवशी द्यायची का ते आदल्या दिवशीच विचारा. घरातली वापरलेली चादर सोबत ठेवा, शुद्धीवर येताना ओळखीचा वास असला की कुत्री कमी घाबरतात.

*कुत्र्याला घरी न्यायच्या आधी विचारा:* किती दात काढले आणि कुठले, टाके विरघळणारे आहेत का, पुढचं औषध किती वाजता, रात्री काही झालं तर फोन कुणाला. हे लिहून घ्या, त्या गडबडीत काही लक्षात राहत नाही.

टप्पा ५: घरी आल्यावरचे दोन आठवडे

पहिली रात्र जमिनीवरच झोपवा, सोफा-पलंग नको, झोकांड्या जातात. लाळेत थोडा गुलाबी रंग चालतो, पण थेंब थेंब रक्त गळत राहिलं, चेहरा सुजत गेला किंवा दुसऱ्या दिवशीही कुत्रं उठत नसेल तर फोन करा.

खायला मऊ आणि कोमट. मऊ भात आणि बारीक केलेलं उकडलेलं चिकन, किंवा नेहमीचं ड्राय फूड गरम पाण्यात भिजवून थंड करून. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. दात काढले असतील तर १० ते १४ दिवस हाडं, दोरीची खेळणी, ओढाओढीचे खेळ बंद.

वेदनेचं औषध सांगितलेल्या मापातच द्या, खाण्यानंतर द्यायला सांगितलं असेल तर उपाशीपोटी नको. उलट्या किंवा काळी शी दिसली तर थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. क्लोरहेक्सिडीनचं (जंतुनाशक) द्रावण दिलं असेल तर पिचकारीने गालाच्या आतून हळूच सोडायचं, घशात फवारायचं नाही. माणसांचा माऊथवॉश त्याऐवजी चालत नाही.

या दोन आठवड्यांत ब्रश करायचा नाही. फेरतपासणीत डॉक्टरांनी "आता करा" म्हटलं की मगच पुढचा टप्पा. चिंगीची फेरतपासणी झाली त्या दिवशी तिने पहिल्यांदा मान सरळ ठेवून पोळी खाल्ली, मी बघतच बसले.

टप्पा ६: ब्रशची सवय, चार आठवड्यांत

इथे घाई केली की मागचा सगळा खर्च वाया जातो, कारण सफाई झालेल्या दातावर त्याच दिवसापासून नवा थर बसायला लागतो. लहान मुलांचा एकदम मऊ ब्रश किंवा बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश, आणि कुत्र्यांसाठीची एंझाइमवाली पेस्ट घ्या. आपली पेस्ट कधीच नाही. कुत्रं थुंकत नाही, सगळं गिळतं, त्यातला फेस आणि फ्लोराइड पोटात जातं, आणि झायलिटॉल (गोडव्यासाठी घालतात तो पदार्थ) असेल तर रक्तातली साखर झपकन खाली येते, लिव्हरवर जातं, जीव जाऊ शकतो.

*पहिला आठवडा:* फक्त बोट. पेस्ट किंवा उकडलेल्या चिकनचं पाणी बोटाला लावून चाटू द्या, मग ओठ उचलून एका सुळ्याला बोट लावा आणि लगेच सोडा. पाच सेकंद पुरेत, नंतर शाबासकी. दोन्ही बाजूंना.

*दुसरा आठवडा:* बोटाला गॉजची पट्टी गुंडाळून सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या एक-दोन दातांवर फिरवा.

*तिसरा आठवडा:* ब्रश आधी चाटू द्या, मग सुळ्यांवर. पुढच्या छोट्या दातांनी सुरुवात करू नका, नाकाजवळ बहुतेकांना सहन होत नाही.

*चौथा आठवडा:* मागच्या दाढा. ब्रश ४५ अंशात तिरका, केस हिरडीच्या कडेकडे, छोटे छोटे गोल. आडवं जोरात घासायचं नाही. फक्त बाहेरची बाजू केली तरी पुष्कळ आहे, आतून जीभ बरंच काम करते. एका बाजूला अर्धा मिनिट.

रोज. अगदीच नाही जमलं तर एक दिवसाआड, पण "रविवारी आंघोळीबरोबर" असं नको, तोपर्यंत थर कडक झालेला असतो. वेळ ठरवून टाका, आमच्याकडे रात्रीच्या फेरीनंतर लगेच, आता चिंगी स्वतः येऊन सतरंजीवर बसते. घरात दोन कुत्री असतील तर ब्रश वेगळे.

> तपासा: सुरुवातीला ब्रशवर किंचित गुलाबी रंग दिसू शकतो. आठवड्यानंतरही रक्त येत असेल, किंवा एकाच जागी कुत्रं झटका देतंय, तर घासत राहू नका, तो दात दाखवून घ्या.

> सावधान: अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, गुरगुरलं, तर तिथेच थांबा आणि एक आठवडा मागे जा. दोघांनी दाबून धरून ब्रश करू नका. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, कुत्रं घरचं असलं तरी.

घरगुती उपाय जे करू नयेत

मिश्री लावणारे मी स्वतः बघितलेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, कुत्र्यासाठी ते विष आहे. लवंगाचं तेल तोंडाची त्वचा भाजतं. मीठ-मोहरीचं तेल, खाण्याचा सोडा, तुरटी, दंतमंजन, यांनी कीटण निघत नाही आणि पोट मात्र बिघडतं. नखाने, चाकूने किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्केलरने कीटण खरवडू नका, कपची निघून दात पांढरा दिसतो पण हिरडीखालचं तसंच राहतं.

हाडाने दात साफ होतात हे अर्धवट खरं आहे, त्यापेक्षा जास्त वेळा दाढ तडकते, आणि शिजवलेलं हाड तर आतडंही फाडू शकतं. चघळायला काहीही देण्याआधी त्यात अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर ते दाताला फार कडक आहे. खूर, शिंग, बर्फाचे खडे याच परीक्षेत नापास होतात. दाताच्या च्यू स्टिक घ्यायच्या तर पाकिटावर व्हीओएचसीचा (प्राण्यांच्या दातांची उत्पादनं तपासणारी संस्था) शिक्का बघा. कडक भाकरी किंवा ड्राय फूडने दात घासले जातात असं धरून ब्रश सोडू नका.

टप्पा ७: पुढची नजर

दर महिन्याच्या १ तारखेला त्याच खिडकीत, त्याच दोन बाजूंचे फोटो काढा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा: लाल रेघ, मागच्या दाढेवरचा पिवळा रंग, हिरडीची कड किती वर आहे. स्पिट्झ, पॉमेरेनियन, शिहत्झू, पग, डॅशहंड अशा छोट्या जातींना जबड्यात दातांची दाटी असते, त्यांना वर्षातून एकदा तपासणी हवीच, आणि ज्यांचं हाड आधीच झिजलंय त्यांना सहा महिन्यांनी. सात-आठ महिन्यांच्या पिल्लाचा दुधाचा सुळा नव्या सुळ्याशेजारी तसाच उभा असेल तर नसबंदीच्या भुलीतच तो काढता येईल का ते विचारून ठेवा.